आडवाटेनं दाब उतरतो का?

जठर, आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. स्वादुपिंडाच्या मागे दोन मोठ्या शिरा एकत्र येऊन पोर्टल शीर तयार होते आणि ती हे सगळं रक्त आधी यकृताच्या हवाली करते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेनं येतं. पचलेलं अन्न, आतड्यात तयार झालेला अमोनिया, तोंडावाटे घेतलेली औषधं या सगळ्यांवर यकृताचा हात फिरतो आणि मगच ते रक्त अधोमहाशिरेतून हृदयात पोचतं. लिव्हर सिऱ्होसिसमध्ये यकृतात चिवट तंतू आणि गाठी माजतात, रक्ताची आतली वाट आवळली जाते आणि पोर्टल शिरेतला दाब चढतो. यालाच पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. दाब चढला की रक्त यकृताला वळसा घालून शरीराच्या इतर शिरांमध्ये शिरतं. या आडवाटा रोग्याच्या हिताच्या की घाताच्या, हा वैद्यकातला जुना वाद आहे आणि त्याच्या निकालावर उपचारांची दिशा ठरत आली आहे. म्हणून तो इथे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशा रीतीनं मांडला आहे. पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा ठेवलेला नाही. त्याच्या बाजूनं भक्कम पुरावे आहेत. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : आडवाटा ही शरीराची शहाणी तजवीज आहे. रोगानं त्या शून्यातून निर्माण केलेल्या नाहीत. पोर्टल शिरांच्या फांद्या आणि इतर शिरा जिथे शेजारी येतात, तिथे त्यांना जोडणाऱ्या बारीक वाहिन्या प्रत्येक निरोगी माणसात असतात. गर्भात तर नाळेतून येणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा एका खास वाहिनीतून यकृताला बगल देऊनच हृदयाकडे जातो आणि जन्मानंतर ती वाहिनी मिटते. पोर्टल शिरेत झडपा नसतात, त्यामुळे दाब वाढला की रक्त उलटंही वाहू शकतं आणि मिटलेल्या वाटा उघडतात. धरण भरलं की सांडव्यावरून पाणी जातं आणि भिंत वाचते, तसंच हे आहे. सांडवा नसेल तर काय होतं तेही ठाऊक आहे. रक्ताची गुठळी अचानक पोर्टल शिरेतून आतड्याच्या शिरांपर्यंत पसरली, तर आतड्यात रक्त तुंबतं, आतडं सडू शकतं आणि जिवावर बेततं. तोच अडथळा हळूहळू वाढला आणि आडवाटांना मोठं व्हायला सवड मिळाली, तर माणूस वर्षानुवर्षं हिंडतो-फिरतो. ज्या योजनेनं एवढा वेळ मिळवून दिला तिला दोष कसा द्यायचा?

उत्तरपक्ष : वाटा जन्मजात आहेत हे मान्य. पण त्या शरीरात नेमक्या कुठे आहेत ते एकेक करून पाहू. पहिली जागा बेंबी. यकृताकडून बेंबीकडे येणाऱ्या बारीक शिरा उघडल्या की पोटाच्या कातडीवर बेंबीभोवती निळसर शिरा चहूबाजूंना पसरलेल्या दिसतात. बेंबीखालच्या अशा एका शिरेचा तुकडा दोन बोटांनी दाबून रिकामा करावा आणि आळीपाळीनं एकेक बोट उचलावं. रक्त वरून खाली भरलं तर ते बेंबीपासून दूर पळतं आहे, म्हणजे पोर्टल दाब वाढला आहे. खालून वर भरलं तर अडथळा बहुधा अधोमहाशिरेत आहे. ही वाट डोळ्यांत भरते, पण रोग्याचा जीव घेत नाही. दुसरी वाट पोटाच्या मागच्या बाजूला, प्लीहेकडून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेकडे. ती बाहेरून दिसत नाही, सीटी स्कॅनमध्ये मात्र कधीकधी करंगळीहून जाड सापडते. तिसरी गुदाशयात. तिथल्या फुगलेल्या शिरांना मूळव्याध समजण्याची चूक सर्रास होते. मूळव्याध हा वेगळा विकार असून तो पोर्टल दाबामुळे होत नाही. म्हणून यकृताच्या रोग्याला शौचावाटे रक्त पडलं, तर मूळव्याध म्हणून सोडून देता येत नाही, तपासूनच ठरवावं लागतं.

चौथी जागा सगळ्यांत घातक. जठर आणि अन्ननलिका जिथे मिळतात, त्याच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात शिरांची रचनाच निराळी आहे. इतरत्र या शिरा आतल्या अस्तराखाली, आधार देणाऱ्या थरात खोल असतात. या पट्ट्यात त्या वर येऊन अस्तराच्या अगदी लगत, एकमेकींना समांतर, कुंपणाच्या काठ्यांसारख्या उभ्या धावतात. आजूबाजूला आधार जवळजवळ नाही, आणि छातीतला दाब पोटातल्या दाबापेक्षा कमी असल्यामुळे रक्त वर ओढलंही जातं. शीर जितकी रुंद आणि तिची भिंत जितकी पातळ, तितका त्या भिंतीवरचा ताण अधिक. आतला दाब तोच राहिला तरी नुसत्या फुगण्यानं शीर फुटण्याच्या जवळ येते. एंडोस्कोपीत या शिरा निळसर आणि पीळदार दिसतात आणि त्यांच्यावर लाल वळ उमटलेले असले तर डॉक्टर सावध होतात, कारण तिथे भिंत सर्वांत पातळ झालेली असते. ती फुटली की रक्ताची उलटी होते, नाहीतर डांबरासारखी काळी शौच. आजच्या उपचारांनंतरही अशा रक्तस्रावापासून सहा आठवड्यांच्या आत साधारण सहा-सातांमागे एक रोगी दगावतो. कोणताही अभियंता सांडवा भिंतीच्या सर्वांत ठिसूळ जागी काढणार नाही.

पूर्वपक्ष : जागा वाईट आहे एवढंच तुम्ही दाखवलंत. जिथे पूर्वीपासून जोड होता तिथूनच वाट निघणार. मुद्दा दाबाचा आहे. वाट मोकळी झाली की दाब थोडा तरी उतरणारच, हे साधं भौतिकशास्त्र आहे.

उत्तरपक्ष : पाण्याचा येवा तेवढाच राहिला तर ते खरं ठरलं असतं. इथे येवाच वाढतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. यकृताच्या शिरेत कॅथेटर घालून पोर्टल आणि यकृतशिरेतल्या दाबांमधला फरक मोजता येतो. निरोगी माणसात तो १ ते ५ मिलिमीटर पारा असतो. तो १० च्या पुढे गेला की फुगलेल्या शिरा तयार होऊ लागतात आणि १२ च्या पुढे त्या फुटण्याचा धोका येतो. आता गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की आडवाटा चांगल्या रुंद झालेल्या रोग्यांमध्येही हा आकडा बहुधा खाली आलेला नसतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत रोबेर्तो ग्रोसमन यांच्या गटानं याचं कारण उंदरांवर शोधलं. त्यांनी पोर्टल शीर बांधून अर्धवट आवळली. काही दिवसांतच पोर्टल रक्त जवळजवळ सगळंच्या सगळं आडवाटांनी जाऊ लागलं. तरीही दाब चढलेलाच राहिला, कारण मधल्या काळात आतड्यांच्या रोहिण्या सैलावल्या होत्या आणि पोर्टल शिरेत पूर्वीपेक्षा जास्त रक्त येऊ लागलं होतं. रोहिण्या सैल करणाऱ्या द्रव्यांत नायट्रिक ऑक्साइड प्रमुख आहे. पुढे हृदय जोरानं काम करू लागतं, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, येवा आणखी वाढतो. शिवाय या वाटा नुसत्या जुन्या वाहिन्या उघडून होत नाहीत. रक्तवाहिन्यांची वाढ घडवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचा संदेश रोखला, तर उंदरांत आडवाटा लक्षणीय प्रमाणात कमी तयार होतात. म्हणजे यातला बराच भाग नव्यानं उगवतो. रक्त बाहेर काढणारी वाट वाढत असते आणि रक्त आत आणणारी वाटही त्याच वेळी वाढत असते. अशा स्थितीत दाब उतरण्याची वाट पाहणं व्यर्थ आहे.

पूर्वपक्ष : मग उलटा प्रयोग काय सांगतो तेही ऐका. जठराच्या वरच्या भागात फुगणाऱ्या शिरांचं वर्गीकरण दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांनी केलं आणि ते आज जगभर वापरलं जातं. या शिरांतलं रक्त बऱ्याचदा डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत उतरतं. जपानमध्ये १९९० च्या दशकात या वाटेत मूत्रपिंडाच्या बाजूनं फुगा नेऊन, ती अडवून, औषध भरून बंद करण्याची पद्धत रूढ झाली. वाट बंद झाल्यावर पोर्टल दाब वाढतो. काही रोग्यांत अन्ननलिकेतल्या शिरा आणखी फुगतात, काहींना जलोदर होतो. म्हणजे ती वाट दाब उतरवतच होती. तुमच्या आडवाटा कमी पडतात त्या अरुंद असतात म्हणून. पुरेशी रुंद वाट करून दिली की दाब उतरतो, हे शिरा जोडून रक्ताला नवी वाट देणाऱ्या प्रत्येक शंट शस्त्रक्रियेनं सिद्ध केलं आहे.

उत्तरपक्ष : पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. आडवाट काहीच भार उचलत नाही असं म्हणणं चूक ठरेल, आणि ती डोळे झाकून बंद करणंही. पण रुंद वाट केली की प्रश्न सुटतो, या विधानाची परीक्षा वैद्यकानं केव्हाच घेतली आहे. १८७७ मध्ये निकोलाय एक यांनी रशियात कुत्र्यांमध्ये पोर्टल शीर थेट अधोमहाशिरेला जोडून दाखवली. १८९३ मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा जोड केलेल्या कुत्र्यांचं बारकाईनं निरीक्षण केलं. मांस खाल्लं की ही कुत्री बिथरत, त्यांचा तोल जाई, झटके येत आणि काही बेशुद्ध होत. दाबाचा इथे प्रश्नच नव्हता, कारण यकृत निरोगी होतं. फक्त आतड्याचं रक्त यकृताला न विचारता पुढे गेलं होतं. १९४५ पासून न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅलन व्हिपल आणि आर्थर ब्लेकमोर यांनी हीच जोडणी माणसांत रुजवली आणि ती जगभर पसरली. पुढे अमेरिकेत नियंत्रित चाचण्या झाल्या. ज्यांना अजून रक्तस्राव झालेला नाही अशा सिऱ्होसिसच्या रोग्यांत आधीच शंट करून ठेवला, तर रक्तस्राव खरोखरच टळला. आयुष्य मात्र वाढलं नाही. रक्तस्रावानं मरणारे रोगी यकृत निकामी होऊन मरू लागले, आणि अनेकांना एन्सेफॅलोपॅथीनं गाठलं.

एन्सेफॅलोपॅथी हे नाव घरच्यांना ठाऊक नसतं, पण तिची चाहूल बहुधा त्यांनाच आधी लागते. माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, साध्या हिशेबात अडखळतो, विनाकारण चिडतो. त्याला दोन्ही हात पुढे ताणून मनगटं वर वळवायला सांगितलं, तर पंजे क्षणभर गळून पडतात आणि पुन्हा सावरतात, पुन्हा गळतात. आतड्यातला अमोनिया यकृतात युरिया व्हायचा तो आडवाटेनं थेट मेंदूपर्यंत पोचलेला असतो. शस्त्रक्रियेनं केलेल्या वाटेचाच हा दोष आहे, असंही म्हणता येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात सिऱ्होसिसच्या १,७२९ रोग्यांचे स्कॅन तपासले गेले. सुमारे ६० टक्के रोग्यांत शरीरानं आपणहून केलेली आडवाट सापडली. मोठी आडवाट असलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना एन्सेफॅलोपॅथी झालेली होती, लहान असलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना आणि नसलेल्यांपैकी २० टक्क्यांना. यकृत जितकं जास्त बिघडलेलं तितक्या आडवाटा मोठ्या, हे खरं. पण यकृताचं काम ज्यांच्यात बऱ्यापैकी टिकून होतं त्यांच्यातही मोठ्या आडवाटेबरोबर त्रास जास्त दिसला. उपाशी राहिलेल्या यकृताचंही एक दुखणं असतं. थॉमस स्टार्झल यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की पोर्टल रक्त दुसरीकडे वळवलं की कुत्र्यांचं यकृत रोडावतं आणि पोर्टल शिरेच्या यकृताकडच्या टोकात इन्शुलिन सोडलं तर ते बरंचसं सावरतं. म्हणून दाब उतरवणं आणि रक्त यकृतातून नेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आडवाट, मग ती निसर्गानं केलेली असो वा सर्जननं, फार तर पहिलं काम करते.

पूर्वपक्ष : रक्ताच्या उलट्या करणाऱ्या रोग्यापुढे हे सगळं फिकं पडतं. त्याला आज रात्र काढायची असते. गळ्यातल्या शिरेतून जाऊन यकृताच्या आतच पोर्टल शीर आणि यकृतशीर यांना स्टेंटनं जोडणारी टिप्स ही पद्धत १९८८ पासून माणसांत वापरली जाते. २०१० च्या युरोपीय चाचणीत, रक्तस्राव पुन्हा होण्याचा मोठा धोका असलेल्या रोग्यांवर टिप्स पहिल्या तीन दिवसांतच केली, तेव्हा वर्षभरानंतर ८६ टक्के रोगी जिवंत होते. औषधं आणि फुगलेल्या शिरा एंडोस्कोपीतून बांधणारे बँड यांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ६१ टक्के होतं. माणसानं केलेल्या आडवाटेनं इथे सरळ जीव वाचवले.

उत्तरपक्ष : वाचवले, आणि अशा रोग्याला टिप्स वेळेवर न देणं ही चूक आहे असं मीही म्हणेन. पण त्या यशाची अट बघा. रोगी निवडून घेतलेले होते. रक्तस्राव पुन्हा झाला असता तर ते वाचणं कठीण होतं, पण यकृत अगदीच हरलेल्यांना चाचणीत घेतलं नव्हतं. निवडलेल्या रोग्यांच्या बाबतीत आजचा मृत्यू टाळण्यासाठी उद्याच्या एन्सेफॅलोपॅथीचा धोका पत्करणं शहाणपणाचं होतं. तीच वाट रक्तस्राव न झालेल्या रोग्याला आधीच करून दिली तर काय होतं, ते त्या जुन्या चाचण्यांनी सांगितलं आहे. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना छेदत नाहीत. दोघांतून निघतं ते एवढंच की आडवाट ही संकटसमयीची सोय आहे, उपचाराचं उद्दिष्ट नाही. उद्दिष्ट येवा कमी करणं आणि यकृतातली वाट मोकळी करणं हेच राहतं. म्हणूनच प्रोप्रॅनोलॉल आणि कार्व्हेडिलॉल या साध्या, स्वस्त गोळ्यांना या विषयात एवढं महत्त्व आहे. त्या हृदयाचा जोर कमी करतात आणि आतड्यांच्या रोहिण्या आवळतात; कार्व्हेडिलॉल यकृतातला अडथळाही थोडा सैल करतं. म्हणजे त्या नवी वाट काढत नाहीत, येवा रोखतात.

पूर्वपक्ष : या गोळ्यांची परीक्षाही झाली होती. २००५ च्या चाचणीत टिमोलॉल ही याच जातीची गोळी देऊनही शिरा फुगायच्या थांबल्या नाहीत, उलट दुष्परिणाम वाढले. शिवाय रोग्याला गोळीचा गुण जाणवत नाही, त्यामुळे तो ती मध्येच सोडतो. बँड बांधलेली शीर निदान डोळ्यांना दिसते.

उत्तरपक्ष : ती चाचणी प्रामाणिक होती आणि तिचा निकाल मानायलाच हवा. पण तिचे आकडे उलगडले की ती माझ्याच बाजूनं बोलते. ज्या रोग्यांमध्ये वर्षभरात दाबाचा फरक दहा टक्क्यांहून अधिक उतरला, त्यांच्यात शिरा फुगण्याचं प्रमाण कमी राहिलं. गोळी घेणाऱ्या अनेकांत तो उतरलाच नव्हता. त्या चाचणीत रोगाच्या फार लवकरच्या टप्प्यातले रोगीही होते. दाबाचा फरक १० च्या आत असताना येवा फारसा वाढलेला नसतो आणि येवा रोखणाऱ्या औषधाला रोखायला काही उरत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या चाचणीत म्हणूनच १० किंवा त्याहून जास्त फरक असलेले, पण अजून गुंतागुंत न झालेले २०१ रोगी घेतले गेले. प्लासिबो घेणाऱ्यांपैकी २७ टक्के रोग्यांची तब्येत ढासळली किंवा ते दगावले, गोळी घेणाऱ्यांपैकी १६ टक्के. सर्वांत मोठा फायदा जलोदर टळण्यात दिसला. बँड बांधून हे साधत नाही. बँड एक शीर मिटवतो, दाब तसाच ठेवतो, आणि रक्त दुसरी वाट शोधतं. फुटण्याच्या बेतात असलेल्या शिरेला बँड हवाच, पण तेवढ्यावर उपचार पुरा झाला असं समजू नये. गोळी सुटते हे दुःख खरं आहे. त्यावर उपाय रोग्याला कारण समजावून सांगण्याचा आहे.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मुलांमध्ये मिळतो, आणि तो भारतासाठी विशेष महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मुलांमधल्या पोर्टल हायपरटेन्शनचं एक प्रमुख कारण म्हणजे यकृताच्या बाहेरच पोर्टल शीर बुजणं. मूल एरवी धडधाकट दिसतं, प्लीहा वाढलेली असते, आणि एके दिवशी अचानक रक्ताची उलटी होते. यकृत जवळजवळ निरोगी असतं, तरी अशा काही मुलांत लक्ष आणि स्मरण यांत सूक्ष्म कमतरता आढळते, कारण आतड्याचं रक्त यकृताला चुकवत असतं. यांच्यासाठी वर्षानुवर्षं रक्त अधोमहाशिरेकडे किंवा मूत्रपिंडाच्या शिरेकडे वळवणारे शंट केले गेले आणि त्यांनी रक्तस्राव थांबवला. पुढे बेल्जियममध्ये झाँ द व्हिल द ग्वाए यांनी निराळी जोडणी पुढे आणली. मुलाच्याच गळ्यातली शीर घेऊन आतड्याची शीर यकृताच्या आतल्या डाव्या पोर्टल शाखेला जोडायची, म्हणजे बुजलेला तुकडा ओलांडून रक्त पुन्हा यकृतातच जातं. मेसो-रेक्स बायपास म्हणून ती ओळखली जाते. आतली शाखा खुली असली तरच ती करता येते, त्यामुळे प्रत्येक मुलाला ती लागू पडत नाही. पण जिथे ती जमते तिथे दाबही उतरतो, यकृताला त्याचं रक्तही परत मिळतं, आणि मुलांच्या बौद्धिक कामगिरीत सुधारणा नोंदली गेली आहे. वळसा घालणारी आणि यकृताकडे परत नेणारी, अशा दोन वाटांची इथे समोरासमोर तुलना होते, आणि दुसरी उजवी ठरते.

पूर्वपक्षाचं जे खरं आहे ते सोडायचं कारण नाही. आडवाटा थोडा भार उचलतात, त्या अविचारानं बंद करू नयेत, आणि मरणाच्या दारातल्या रोग्याला माणसानं केलेली आडवाट वाचवू शकते. त्याच्या विरुद्ध एवढंच उभं आहे, आणि माझ्या मते ते निर्णायक आहे, की शरीरानं हा सौदा फार महाग केला आहे. दाब पुरता उतरत नाही, फुटणारी शीर सर्वांत नाजूक जागी येते, आणि मेंदूला न गाळलेलं रक्त मिळतं. म्हणून सिऱ्होसिसच्या रोग्यानं आणि त्याच्या घरच्यांनी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न शिरा किती फुगल्या यापाशी थांबू नयेत. दाब किती आहे, किंवा तो मोजणं शक्य नसेल तर यकृताचा कडकपणा आणि प्लेटलेट यांवरून त्याचा अंदाज काय, आणि तो उतरवण्यासाठी काय चाललं आहे, हे विचारावं. दारू पूर्ण सुटली, हिपॅटायटिस बी आणि सीवर उपचार झाले, तर यकृतातली वाट थोडीफार मोकळी होऊ शकते आणि दाबही उतरू शकतो; हे आता अनेक अभ्यासांत दिसलं आहे. या रोगावरचं खरं काम तिथे आहे, आणि ते पहिली रक्ताची उलटी होण्याआधी सुरू करता येतं.